घोडेवाली पाणी पिते तो तुकडा

उत्तम, ती पट्टी जळाली नव्हती. मी कापली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात नाही, मालकाला नाही, आणि तुला तर नाहीच. आता तू ऐकायला नाहीस तेव्हा सांगतो आहे. यावरून माझी हिंमत किती ते दिसतंच, आणि तुला त्यात नवीन काही वाटायचं नाही.

तू गेल्यापासून मी तंबूत बसतो, पण पडद्यावर काय चाललं आहे ते डोक्यात शिरत नाही. थकवा म्हणावा तर काम तेवढं नाही. वय म्हणावं तर तू माझ्याहून लहान होतास.

ज्यांनी आपल्याला पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, तू कंटाळू नको. दिवाळी झाली की मालकाचा टुरिंग टाकीजचा तंबू निघायचा. अनसिंग, आसेगाव, मेडशी, मधली लहान गावं, असं करत पावसाळ्याच्या तोंडाशी परत वाशीमला. तू मशीन चालवायचास. मी दारावर तिकिटं फाडायचो आणि भोंग्यावरून गावाला खेळाची खबर द्यायचो. घरी पाहुणे आले तर मी आतल्या खोलीत जाऊन बसणारा माणूस. पण माईक हातात आला की बोलायचो, कारण ऐकणाऱ्याचं तोंड समोर नसायचं. तू म्हणायचास, "देवराव, तुह्या बायकोले बी एक भोंगा घेऊन दे. मंग बोलशीन तिच्यासंग."

मग एका वर्षी मालकाने अकोल्याहून गंजलेल्या डब्यांचा ढीग आणला. भंगारात चाललेली जुनी मारामारीची सिरियल. आपल्या लहानपणी ती दर आठवड्याला एक भाग अशी लागायची. मी वाशीमला पाहिली होती, तू मेडशीला कनातीखालून डोकं घालून. सुरुवातीची नावाची पट्टी कधीच तुटून गेलेली, त्यामुळे तिचं खरं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. लोक घोडेवाली म्हणायचे, आपणही घोडेवाली म्हणायला लागलो. गादीवरून हाकललेल्या राजाची मुलगी, तोंडावर फडकं बांधून घोड्यावर फिरते, चाबकाने शिपायांना लोळवते. डबा उघडल्यावर तू पट्टी उजेडात धरलीस आणि म्हणालास, "हेच थे. हिच्याच पायी मी मायचा मार खाल्ला होता." तेव्हा तुझा चेहरा किती लहान झाला होता.

आधी आपण ती जशी होती तशीच दाखवली, एकामागोमाग एक सगळे भाग. लोक वैतागले. कारण प्रत्येक भागाच्या शेवटी ती संकटात पडायची आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला तेच संकट पुन्हा दाखवायचे. अनसिंगला एक म्हातारा उठून उभाच राहिला. "अबे, आत्ताच तं पडली होती दरीत. पुन्हा कायले पाडून राह्यले तिले?"

सगळा तंबू हसला. तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर म्हणालास, "देवराव, हिले आपण कापू. एका खेळात बसवू. तो म्हातारा खरं बोलला."

त्या दुपारी आठवल्या की आजही बरं वाटतं. तंबूच्या कनाती वर बांधलेल्या, खाली तुझं धुतलेलं धोतर अंथरलेलं, दोरीवर पट्टीचे तुकडे लटकलेले, आणि तू ब्लेड घेऊन बसलेला. पट्टीचा मसाला खरवडायचा, फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा ठिपका लावायचा, दोन टोकं दाबून धरायची आणि तेवढा वेळ श्वास रोखायचा. मी विडी ओढायला लागलो की तू मला बाहेर पिटाळायचास. ती जुनी फिल्म होती, ठिणगी लागली तर कागदासारखी पेटली असती. दरबारातली भाषणं गेली, वजीराच्या मुलीची गाणी गेली, पुन्हा पुन्हा दरीत पडणं गेलं. काय ठेवायचं यावर आपण भावकीच्या वादासारखे भांडायचो.

एक गोची मात्र होती. पट्टीवर आवाजाची रेघ चित्राच्या जरा पुढे चालते. चित्र बघून कापलं की बोलणं अर्धवट तुटतं. राजा "बेटी, मैं तुझे" एवढंच म्हणायचा आणि एकदम घोडा धावायला लागायचा. त्यावर तोड तूच काढलीस. प्रत्येक जोडाशी तू मशीनवरून मला खूण करायचास आणि मी माईकवरून मधलं सांगायचो, आपल्या बोलीत. "आता राजकन्या कैदेतून सुटली. कशी सुटली थे इचारू नका, घोडा पाहा." हे वाक्य तर गावागावात गेलं. पोरं उशिरा शाळेत आली की मास्तरांना हेच सांगायची म्हणे. आपली घोडेवाली मूळच्या घोडेवालीपेक्षा जास्त चालली. एका गावाने ती पुन्हा बोलावली. बनवणाऱ्याने जे बनवलं त्यापेक्षा आपलं बरं आहे, असं त्या हंगामात आपल्याला मनापासून वाटत होतं, आणि मला वाटतं ते खरंही होतं.

एकाच तुकड्यावर आपलं जमलं नाही.

तिचा पाठलाग होतो, ती दूरवर निघून येते, घोडा फेसाळलेला. गावाबाहेर एक खोपटं. एक म्हातारा मडकं घेऊन बसलेला. ती पाणी मागते. म्हातारा मडक्याकडे बघतो, मग तिच्या कपड्यांकडे बघतो, आणि मडकं मागे सरकवतो. ती घोड्यावरून उतरते, त्याच्या हातातलं मडकं घेते आणि पिते. पीतच राहते. गळ्यावरून पाणी ओघळतं. मग ओंजळीने घोड्याला पाजते. मग ती आणि म्हातारा नुसते बसून राहतात. बोलणं नाही, बाजा नाही, मारामारी नाही. घोड्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज तेवढा.

मी म्हणालो, "हे काढू. इथे सगळं थांबतं."

"थांबतं म्हनूनच ठेवाचं," तू म्हणालास. "मानसाले दम घ्यायले जागा पाह्यजे. नाई तं पुढचा पळ कसा समजन?"

"लोक विडी प्यायला बाहेर जातात तेवढ्यात."

"जे जातात थे जाऊ दे. जे बसतात त्याह्यचं पाह्य."

मेडशीला तुझी माय तुमच्या वस्तीतल्या बायांना घेऊन आली होती, जमिनीच्या तिकिटावर, पुढे बसायला. तो तुकडा आला तशा सगळ्या गप्प झाल्या. खेळ सुटल्यावर तुझी माय मशीनपाशी आली. मला वाटलं घोड्याबद्दल, चाबकाबद्दल बोलेल. म्हणाली, "किती तहान लागली होती रे त्या पोरीले. गटागटा पेली. एकदा पुन्हा लावतं का तेवढंच?" आणि तू लावलंस, रिकाम्या तंबूत, चार-सहा बायांसाठी. मशीनच्या दिव्याचा कार्बन फुकट जळतो म्हणून मी कुरकुरलो. तू माझ्याकडे पाहिलंसही नाही.

त्यानंतर मी वाद घातला नाही. पण पटलंही नव्हतं. म्हणजे तेव्हा मी स्वतःला असंच सांगत होतो.

मग ते गाव आलं. त्याचं नाव लिहीत नाही, ते आपल्या भागातलं कुठलंही असू शकलं असतं. ज्यांच्या पडीत वावरात तंबू उभा होता त्यांना सगळे बापूसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, आपल्याला रोज ताक पाठवायचा. पहिल्याच खेळाला ते स्वतः आले, खुर्चीवर बसले. पाण्याचा तुकडा लागला तशी खुर्च्यांवरची पोरं शिट्ट्या मारायला लागली. एक जण मोठ्याने म्हणाला, "घ्या. आता हिले घरात कोन घेईन?" खुर्च्या हसल्या. जमिनीवरून एका म्हातारीचा आवाज आला, अगदी शांत. "काहून नाई घेनार? राजाची पोरगी हाय थे. तुह्या घरी कोन येऊन राह्यलं?" आता जमीन हसली. तू मशीनच्या मागे होतास, तुझा चेहरा मला दिसला नाही. बापूसाहेबांचा दिसला.

सकाळी त्यांनी मला चहाला बोलावलं. एकट्याला. खेळाची तारीफ केली, माझ्या आवाजाची केली. मग बशीत फुंकर घालत म्हणाले, "पन देवराव, थे पानी पेयाचं कायले ठेवलं? पोरं बोंबलतात. उद्या काई झालं तं तुमालेच तरास."

मी म्हणालो, "तसं थोडं लांबतंच ते, बापूसाहेब."

"हो ना," ते म्हणाले. "लांबते."

उत्तम, तो शब्द त्यांनी मला दिला नाही. मी त्यांना दिला. त्यांना काय खुपलं ते मला नीट समजलं होतं, आणि ते बोलायची वेळ त्यांच्यावर येऊ नये म्हणून मी आपला वेगाचा वाद पुढे केला. आपल्या दोघांचा, दुपारच्या दुपारी घातलेला, स्वच्छ वाद. मी त्याच्या आड लपलो. इतकी वर्षं मी स्वतःलाही हेच सांगत आलो की मी तो तुकडा खेळ धावावा म्हणून कापला. ते खोटं आहे. मी तो एका माणसाच्या कपाळावरची आठी जावी म्हणून कापला. तो माणूस माझ्या जातीतला होता, आणि तो चहा तुला बोलावून पाजणार नव्हता, हे मला बशी हातात घेतानाच माहीत होतं.

तुला सांगायची माझी छाती नव्हती. मग जयंती आली. तू मिरवणुकीसाठी मेडशीला गेलास, मशीन मला देऊन. जायच्या आधी तू गेट साफ केलंस, म्हणजे ज्या फटीतून पट्टी दिव्यासमोरून सरकते ती जागा. बारीक कुंचल्याने, नेहमीसारखं. मी बघत होतो. "कचरा राह्यला का तिथं पट्टी अडकते, अन् अडकली का पेटते," हे तू मला पुन्हा एकदा सांगितलंस आणि एस.टी. पकडायला पळालास.

त्याच दिवशी, जयंतीच्या दिवशी, मी तो तुकडा कापला. तुझ्याकडूनच शिकलो होतो, त्यामुळे जागा बरोबर सापडल्या. मग ओलं फडकं धरून दोन्ही टोकांना विडी लावली, करपलेली दिसावीत म्हणून. नीट झालं. तुकडा गुंडाळून मी बाजारात बायोस्कोपचा डबा घेऊन फिरणाऱ्याला देऊन टाकला. तो असल्या पट्ट्यांचे बारीक बारीक तुकडे करून पोरांना भिंगातून दाखवायचा. म्हणजे परत जोडायची वाटही मी ठेवली नाही.

तू दुसऱ्या दिवशी आलास. मायनं दिलेल्या पुरणाच्या पोळ्या फडक्यात बांधून आणल्या होत्यास. "दोन तुह्या हायेत. मोजून देल्ल्या तिनं, मी रस्त्यात खाईन म्हून." मी एक खाल्ली आणि मग सांगितलं. पट्टी अडकली. तेवढा तुकडा जळाला.

तू ओरडशील असं वाटलं होतं. तू करपलेली टोकं हातात घेतलीस. मग मशीनपाशी जाऊन गेट उघडलंस आणि वाकून बघत राहिलास. बराच वेळ. मग म्हणालास, "घाईत होतो मी. साफ केलं नसन बराबर."

तिथे मी बोलायला हवं होतं. तू स्वतःच्या हातावरचा भरवसा माझ्या डोळ्यांदेखत सोडून देत होतास, आणि मला फक्त "केलं होतंस" एवढंच म्हणायचं होतं. मी दुसरी पोळी खाल्ली.

मालक आले तेव्हा तंबूतली सगळी माणसं होती, बांबू रोवणारे, स्वयंपाकी, सगळे. "मशीनवर कोन होतं?" त्यांनी विचारलं. मी काही म्हणायच्या आत तू म्हणालास, "मालक, होता देवराव. पन गेट मी खराब सोडून गेलो. गलती माही." मालक आगीला फार भ्यायचे, तुला माहीत आहे. कापडाचा तंबू, आत बायका-पोरं. ते म्हणाले, "आज पट्टी गेली. उद्या मानसं जातीन. तुह्या हातात मशीन नाई देत मी आता." तू मान खाली घातलीस. मी तुझ्या शेजारीच उभा होतो, इतका जवळ की तुझ्या सदऱ्याला लागलेल्या निळ्या गुलालाचा डाग दिसत होता.

तू तुझी पेटी घेऊन गेलास. कुठल्याच तंबूने पुन्हा तुला मशीनवर घेतलं नाही, कारण अशी गोष्ट तुझ्या आधी पोचायची. तू रस्त्याच्या कामावर गेलास. मला मशीन मिळालं.

आणि घोडेवाली आणखी जोरात पळायला लागली. बापूसाहेब खूश, खुर्च्या खूश. फक्त मला दिसायचं की तिचा घोडा आता दमतच नाही. फेसाळलेला घोडा एकदम पुढच्या लढाईत ताजातवाना उभा. जोडाशी मी माईकवरून काहीतरी सांगायचो. लोकांना चालायचं. मला ते ऐकवत नसे.

एकदा अनसिंगच्या बाजारात आपली गाठ पडली. तू उन्हाने काळा पडलेला, हातांना डांबर. मला टाळशील असं वाटलं, तर तूच मला हॉटेलात ओढलंस. इकडचं तिकडचं झालं. मग तू सहज म्हणालास, "देवराव, थे आग लय समजदार निघाली."

"कोणती आग?"

"आपली. बराबर सीन सुरू झाला तिथं लागली, अन् बराबर सीन संपला तिथं इझली. आधीचं एक चित्र खाल्लं नाई, नंतरचं खाल्लं नाई. म्या अशी आग पाह्यली नाई कधी."

मी कपाकडे बघत बसलो. तू वाट पाहिलीस. खरंच पाहिलीस, कारण पोऱ्या काय पाहिजे विचारून गेला आणि तू त्याला उत्तर दिलं नाहीस. मग हसून म्हणालास, "चाय थंडी होऊन राह्यली. पे."

म्हणजे तुला कळलं होतं. मालकासमोर उभा होतास तेव्हा नव्हतं, पण नंतर, रस्त्यावर गिट्टी पसरताना कधीतरी, तू ती दोन टोकं मनात पुन्हा हातात घेऊन पाहिली असशील. मग तू मालकाकडे का गेला नाहीस? याला मी तुझा मोठेपणा म्हणणार नाही. तसं म्हणणं मला फार सोयीचं पडेल. तुला माहीत होतं की माझा शब्द आणि तुझा शब्द समोरासमोर आले तर मालक कुणाचा धरतील. मलाही माहीत होतं. आपण त्याच्यावर चहा प्यालो.

त्यानंतरही तू मला भेटत राहिलास, पोराच्या शाळेचं सांगत राहिलास. माझी बायको आजारी होती तेव्हा रानभाज्या घेऊन आलास. तुझ्याशी दोस्ती राहिली हे माझ्या आयुष्यातलं एक बरं आहे, आणि ते मला कशाच्या बदल्यात मिळालं ते मी कधी नीट मोजलं नाही.

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मी मेडशीला आलो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, वंदना झाली, मग एकेक जण बोलायला उठला. कुणीतरी म्हणालं, "देवरावभाऊ, तुमी बोला. तुमचा तं आवाजच टाकीजचा." माईक हातात दिला. या वेळी सगळ्यांची तोंडं समोर होती. मी म्हणालो, उत्तम चांगला ऑपरेटर होता, कष्टाळू होता. असंच काहीतरी, जे कुणाबद्दलही म्हणता येतं.

मागून एक म्हातारे गृहस्थ बोलले, काही वाकडं मनात नसताना. "हो, मानूस लाखाचा. थे एक फिल्म जळाली होती त्याच्या हातून, तेवढं सोडलं तं." लोक थोडे हसले, गेलेल्या माणसाच्या आठवणीवर हसतात तसे. तुझी बायको हसली नाही. तुझा सिद्धार्थ पुढे बसला होता. त्याने मान खाली घातली. आता तो मोठा झाला आहे, मिसरूड फुटलं आहे. मान खाली घालायची त्याची पद्धत थेट तुझी.

माझ्या हातात माईक होता. मी तो पुढच्या माणसाला दिला.

निघताना सिद्धार्थ मला एस.टी.पर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, "काका, बाबा मले कधी घड्याळ खोलू द्यायचे नाईत, रेडिओ खोलू द्यायचे नाईत. म्हनायचे, आपल्या हाताले वस्तू टिकत नाई. हे खरं होतं का वो?"

गाडी आली होती. मी "पुन्हा येतो" म्हणालो आणि चढलो.

तुला कळूनही तू त्याला असं का सांगायचास, हे मला समजत नाही. कदाचित कळणं वेगळं आणि हातातला भरवसा परत येणं वेगळं. ते एकदा मोडलं की मोडलं असेल. मोडणारा मी.

हे इथे लिहिलं म्हणून भागलं असं मी धरत नाही. लिहिताना समोर कुणी नसतं, आणि ते मला नेहमीच जमत आलं आहे. मेडशीला जाऊन, तुझ्या दारात, वहिनींच्या आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या समोर, सिद्धार्थला तोंडाने सांगायचं आहे की त्याच्या बापाने गेट साफ केलं होतं, त्याच्या हातून काहीच जळालं नाही, आणि तो तुकडा देवरावने कापला. तेवढं मी तुझं देणं लागतो, उत्तम. अजून दिलेलं नाही.